धुक्यात सोडलेला हात

“ताई, आपण चुकलो ना?”

वैजूनं हे विचारलं तेव्हा आम्ही पळत होतो. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस, मध्ये ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांची वाट आणि समोर नुसतं धुकं. इतकं दाट, की चार पावलांपुढचं मला काही दिसत नव्हतं.

“नाही गं,” मी म्हणाले. “आता डांबरी लागेलच.”

आणखी बरंच पळालो. डांबरी काही लागली नाही. लागला तो पुन्हा एक तिठा, आणि तिन्ही वाटा एकमेकींच्या सख्ख्या बहिणी असाव्यात तशा सारख्या.

“मघाशी तुम्ही ‘डावीकडे’ म्हणत होतात,” वैजू म्हणाली, “आता ‘डावीकडे... हं, डावीकडेच’ असं म्हणताय.”

मी थांबले. आमचे हात एकमेकींना बांधलेले, त्यामुळे तीही थांबली.

“हो,” मी म्हटलं. “चुकलोय. आपण कुठे आहोत ते मला माहीत नाही.”

मला वाटलं, ती घाबरेल. एक तर परका मुलूख. आदल्या संध्याकाळी एसटीनं आलो होतो, धरणाच्या काठच्या त्या तालुक्याच्या गावात. ही सकाळ शनिवारची; दुसऱ्या दिवशी रविवारी तिथे दहा किलोमीटरची शर्यत होती आणि आमची सोय एका शाळेच्या खोलीत केली होती. पाय मोकळे करू म्हणून सकाळी उजाडल्या उजाडल्या बाहेर पडलो. फोन खोलीतच राहिले. निघताना धुकं विरळ होतं. उसात शिरलो आणि ते चारी बाजूंनी अंगावर आलं.

पण वैजू घाबरली नाही. ती हसायला लागली.

“हसतेस काय?”

“मी पहिल्यांदाच चुकले, ताई.”

“म्हणजे?”

“मला कधी चुकायलाच मिळालं नाही. कायम कुणीतरी हात धरलेला असतो ना. आज तुम्हीपण चुकलात, म्हणून मीपण चुकले.”

वैजयंता शिंगटे. पाटणच्या डोंगरातल्या एका वाडीतली मुलगी, पुण्यात बीएच्या शेवटच्या वर्षाला होती, वसतिगृहात राहायची. जन्मापासून तिला दिसत नव्हतं. वर्षभरापूर्वी त्या वसतिगृहाच्या बाई आमच्या मैदानावर मला येऊन भेटल्या. “आमच्या एका मुलीला पळायचंय. बरोबर कुणी पळेल का?” मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायचे, चाळिशी ओलांडलेली, रोज पहाटे पळायचे. माझ्या वयाच्या बायकांत मैदानावर माझ्याइतक्या वेगानं पळणारी कुणी नव्हती, आणि हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी ‘हो’ म्हटलं.

काम तसं सोपं. कापडी पट्टीच्या दोन टोकांना दोन फास. एक माझ्या मनगटात, एक तिच्या. शेजारी शेजारी पळायचं आणि पुढे काय आहे ते बोलत राहायचं. खड्डा, चढ, कुत्रं, पाणी सांडलंय, डावीकडे वळ. थोड्याच दिवसांत आमची पावलं इतकी जुळली की लोक म्हणत, एकाच माणसाचे चार पाय पळतायत. मला त्याचा अभिमान होता. खोटं कशाला बोलू?

ही शर्यत तिची बहुधा शेवटचीच. परीक्षा झाली की घरी यायचं, असं तिच्या वडिलांनी सांगून टाकलं होतं. तिकडे पळणार कुठे, असं मी एसटीत विचारलं तर म्हणाली, “आमच्याकडं कुठलं पळणं, ताई? अंगण संपलं की उतार लागतो.”

तर आम्ही त्या तिठ्यावर उभ्या. मी त्यातली एक वाट धरली. ती उतरत गेली. ऊस संपला, पायाखालची माती बदलली, आणि म्हशींचा वास आला. मग घंटा. मग धुक्यातून एक बाईमाणसाचा आवाज.

“कोन हाय गं?”

“आम्ही आहोत, मावशी. शर्यतीला आलोय. वाट चुकलो.”

धुक्यातून आधी एक म्हैस आली आणि तिच्या मागून डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेली एक म्हातारी. तिनं आमच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं.

“पळताय? कुनी मागं लागलंय का?”

“नाही हो. सराव करतोय.”

“आन ह्या पोरीला बांधलीय कशापायी?”

“तिला दिसत नाही.”

“आन तुला?”

“मला दिसतं.”

“मग तू कशी चुकलीस?”

वैजू इतक्या मोठ्यानं हसली की म्हैस बिचकली. म्हातारीही हसली, तोंडात दोनच दात होते तिच्या. धुरपदाबाई तिचं नाव. रोज म्हशी घेऊन इथे यायची. म्हणाली, धरणाचं पाणी यंदा लवकर ओसरलंय, तुम्ही धरणाच्या पोटात उभ्या आहात. रस्ता त्या तिकडं वर, पण आत्ता मी हात दाखवून उपयोग नाही, मलाच दिसत नाही. “ऊन पडू द्या. मग देवळाचं शिखर दिसंल. त्याच्याकडं तोंड करून गेलात की गावात. बसा जरा.”

बसायला काही नव्हतं. आम्ही उभ्याच राहिलो. घाम थंड व्हायला लागला. वैजू बुटानं जमीन चाचपत होती. पुढे, मागे, बाजूला.

“मावशी,” तिनं विचारलं, “इथं खड्डे आहेत का?”

“खड्डं कुठलं! आमचं जुनं शिवार हाय हे. धरणात गेलं. वर गाळ बसला आन वाळला. खळ्यावानी सपाट हाय बघ.”

“दगड?”

“न्हाय.”

“झाडं? खांब? तारेचं कुंपण?”

“काय सुदिक न्हाय. माझ्या सासऱ्याचं वावार हितंच कुठंतरी हाय, पर बांध कुठला न् काय कुठलं, कायबी ऱ्हायलं न्हाय.”

“किती लांबपर्यंत?”

“लांबच लांब की गं. का, इमान उतरवायचंय व्हय?”

वैजूनं मनगटातला फास दुसऱ्या हातानं सैल करायला घेतला.

“ताई, मला एकटीला पळू द्या.”

“वेडी आहेस का?”

“खड्डा नाही, दगड नाही, झाड नाही. धडकणार कशाला?”

“अगं, धुकं आहे. मला काही दिसत नाही.”

“मला कधी दिसतं?”

तरी मी नाही म्हणत राहिले. उद्या शर्यत आहे, पाय मुरगळला तर. तुझ्या घरच्यांना मी काय सांगू. वसतिगृहाच्या बाईंना काय सांगू. ती ऐकून घेत होती. तिचं तोंड मात्र माझ्याकडे नव्हतं, त्या मोकळ्या जागेकडे होतं. तिला ती जागा कशी कळत होती कोण जाणे.

“ताई, मी लहान असताना आमच्याकडं पोरं पळायची, तेव्हा मी भिंतीला पाठ लावून उभी राहायची. पावलं ऐकायची. ह्याचं पाऊल जड, तिचं हलकं, असं. माझं स्वतःचं एकटीचं पाऊल कसं वाजतं ते मला अजून माहीत नाही. कायम दोघींचं ऐकू येतं.”

“जाऊ दे की,” धुरपदाबाई मध्येच म्हणाली. “जनावरंबी सोडतोच की आपन मोकळी.”

मी पट्टी सोडली.

ठरवलं असं: मी एका जागी उभी राहून टाळ्या वाजवत राहणार. टाळी बारीक ऐकू यायला लागली की तिनं वळायचं आणि टाळीच्या रोखानं परत यायचं. पहिल्यांदा ती दोन्ही हात पुढे पसरून, पाय चाचपत, जवळजवळ चालतच गेली. धुक्यात शिरली, दिसेनाशी झाली. माझ्या टाळ्या आपोआप मोठ्या झाल्या. थोड्या वेळानं पावलं परत आली आणि ती माझ्या अंगावरच येऊन आदळली. चेहरा लालबुंद.

“आले!”

“आलीस. बास आता.”

“एकदाच.”

दुसऱ्या खेपेला तिचे हात खाली होते. ती पळत गेली, पळत आली. धुरपदाबाईची एक म्हैस भरकटली म्हणून म्हातारी तिला वळवायला गेली. वैजू म्हणाली, “शेवटचं,” आणि माझ्या उत्तराची वाट न बघता निघाली.

मी टाळ्या वाजवत होते. आधी तिची पावलं ऐकू येत होती. वाळलेल्या गाळावर टप टप टप. मग ती भरभर वाजायला लागली. मग आणखी भरभर. आणि मग बारीक होत होत ऐकू येईनाशी झाली. मी टाळ्या थांबवून कान दिला. काही नाही. पुन्हा वाजवल्या. “वैजू!” म्हणून ओरडले. माझाच आवाज धुक्यात कापसात शिरावा तसा शिरला आणि संपला.

धुरपदाबाई म्हैस घेऊन परत आली. “पोरगी कुठं हाय?”

“तिकडे गेली.” मी हात केला.

म्हातारीचा चेहरा बदलला. “तिकडं? अगं बया, तिकडं पानी हाय! पान्याच्या कडंला वला गाळ. परवा माझी रेडी रुतली तिथं, दोरानं वढून काढली.”

मी धावत सुटले.

आयुष्यात मी इतक्या शर्यती पळाले, पण तशी कधीच पळाले नसेन. समोर पांढरं, मागे पांढरं, छातीत भाता. “वैजू, थांब! वैजू!” मध्येच एकदा तिची पावलं ऐकू आली. डावीकडे, पुढे. मी तिकडे वळले, होतं नव्हतं ते सगळं पायांत ओतलं. मला वाटलं, आता गाठलीच. पण पावलं जवळ येण्याऐवजी लांब जात होती. मी जेवढा जोर करत होते तेवढी ती आणखी लांब. ती वेगात आहे म्हणून नव्हे, मीच धुक्यात गोल फिरतेय म्हणून असं होतंय, अशी मी माझी समजूत घातली. पण जमिनीवर तिच्या बुटांचे ताजे ठसे होते, सरळ रेषेत, आणि मी त्यांच्यावरूनच पळत होते. दोन ठशांमधलं अंतर मी बघितलं. आम्ही जोडीनं पळायचो तेव्हा तिचं पाऊल माझ्या पावलाएवढं पडायचं. हे पाऊल माझ्या आवाक्यातलं नव्हतं.

मग पुढे एकाएकी मोठा फडफडाट झाला. शेकडो पाखरं एकदम उठल्यासारखा. आणि पावलं थांबली.

मी पोचले तेव्हा ती घोट्याएवढ्या चिखलात उभी होती. तोंड वर आभाळाकडे. पाखरं डोक्यावरून ओरडत घिरट्या घालत होती.

“ताई, ऐकलंत? मी आले म्हणून उडाली!”

मी तिचा दंड धरून तिला मागे ओढलं. चिखलानं तिचा एक बूट काढून घेतला, तो मी हात घालून उपसला. मग तिला दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवलं. “अक्कल आहे का? आणखी चार पावलं गेली असतीस तर? टाळी बारीक झाली की वळायचं ठरलं होतं ना?” मला रडू येत होतं, धड बोलताही येत नव्हतं, वाक्याच्या मध्ये दम लागत होता.

“माती मऊ लागली तशी थांबले मी,” ती हळूच म्हणाली. “चुकलं माझं. पण थांबवेना, ताई.”

मी गुडघ्यांवर हात टेकून वाकले. श्वास काही केल्या बसेना. आणि तशी वाकलेली असताना मला एक गोष्ट जाणवली. ऐकू येत होता तो एकटा माझाच श्वास. ती माझ्या शेजारी उभी होती आणि अंगणात फेरी मारून आल्यासारखी शांत होती.

मी सरळ झाले.

“वैजू, तू माझ्याबरोबर असताना हळू पळतेस?”

ती बूट झटकत होती. ते चालूच ठेवलं.

“मी काहीतरी विचारतेय.”

“तुमचा श्वास ऐकू येतो ना,” ती म्हणाली. “वाढला की मी जरा कमी करते.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, दुसरं कुणी बघ. आणि दुसरं कोण होतं, ताई? पहाटे उठून माझ्यासाठी कोण येणार होतं?” बूट पायात चढवत ती म्हणाली, “आणि मला तुमच्याबरोबर आवडतं.”

पाखरं परत पाण्यावर उतरायला लागली होती. धुक्यात कुठेतरी सूर्याचा पिवळा डाग दिसायला लागला. मागून धुरपदाबाईच्या हाका ऐकू येत होत्या, “गावली का गं? गावली का?” मी ओरडून सांगितलं, गावली. धुकं वर उठलं तेव्हा दिसलं, खरंच लांबच लांब सपाट जमीन होती, आणि देवळाचं शिखर आम्ही शोधत होतो त्याच्या अगदी उलट दिशेला. धुरपदाबाई आमच्याबरोबर चढापर्यंत आली. वैजूच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, “वाऱ्यावानी पळतीस गं बाय.” मला काही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी सुरुवातीच्या रेषेवर मी वैजूला सांगितलं, “आज माझा श्वास ऐकायचा नाही.”

“मग काय ऐकू?”

“काही नको. पळ.”

निम्म्या वाटेपर्यंत मी निभावलं. ती दोनदा मंदावली आणि दोन्ही वेळा मी खेकसले, “वाढव.” धरणाच्या भिंतीजवळचा चढ लागला तशी माझी छाती फुटायला आली. खड्डा सांगायलाही तोंडातून शब्द निघेना, आणि वाटाड्याच्या तोंडून शब्द निघेना म्हणजे काम संपलं. आमच्या शेजारून एक उंच, सडसडीत बाई बराच वेळ त्याच चालीनं पळत होती, आरामात. पोलिसांत हवालदार होती, बारामतीकडची, छाया गावडे; हे नंतर कळलं. मी तिला हाक मारली.

“ताई, हिला दिसत नाही. घेऊन जाल? पुढे काय आहे ते फक्त बोलत राहायचं.”

तिनं एकदा माझ्याकडे, एकदा वैजूकडे पाहिलं आणि पळता पळताच हात पुढे केला. मी मनगटातला फास काढला.

“नको, ताई,” वैजू म्हणाली. “मी हळू होते. मला चालतंय.”

“मला चालत नाही. जा.”

“ताई...”

“जा गं बाई!”

ती गेली. चढावरून त्या दोघी वर जाताना मी बघितल्या. पहिली काही पावलं जुळत नव्हती, छायाबाई काहीतरी चुकीचं सांगत असणार. मग जुळली. मग वळणाआड गेल्या. मी रस्त्याच्या कडेला कठड्यावर बसले आणि पाणीवाटपाच्या टेबलावरच्या माणसानं “पोटात दुखतंय का?” असं विचारलं, त्याला हो म्हटलं.

याला आता बरीच वर्षं झाली. वैजू परीक्षेनंतर वाडीला गेली नाही. छायाबाई तिच्या वडिलांना जाऊन भेटली, वर्दीतच गेली होती म्हणे. ते घाबरून ‘हो’ म्हणाले की समजून, ते आम्हाला अजून ठाऊक नाही. वैजूनं बीएड केलं, कऱ्हाडला एका शाळेत इतिहास शिकवते, आणि पळते. तिच्या वेगाची माणसं मिळणं सोपं नसतं. ज्याला वेग असतो त्याला वेळ नसतो. तशी माणसं हेरायची, गाठायची, गळ घालायची, हे काम माझं. मैदानावर कुणी नवं पोरगं सुसाट पळताना दिसलं की मी कुंपणापाशी जाऊन उभी राहते.

त्या दिवशी मात्र मला पुढचं काही ठाऊक नव्हतं. उरलेली वाट मी चालत संपवली. शेवटच्या रेषेवर पोचले तेव्हा बक्षीससमारंभ उरकला होता आणि मांडवातल्या खुर्च्या उचलायला सुरुवात झाली होती. एका कोपऱ्यात वैजू आणि छायाबाई शेजारी शेजारी बसून पोहे खात होत्या. वैजूच्या गळ्यात पदक होतं. दुसरी आली होती ती, डोळस बायका धरून. मी काही बोलायच्या आधीच तिनं मान माझ्याकडे वळवली.

“ताई, किती उशीर!” ती म्हणाली. “मी कधीची थांबलेय तुमच्यासाठी.”